केमिकलचे मास्तर कुलगुरू होतात तेव्हा : गणपती यादव, माटुंगा आणि आपलं जालना

दुधनाकाठ (धागाकर्ता)

परतूरहून नमस्कार मंडळी. लई दिवसांनी धागा काढतोय, चूभूदेघे.

कारण घरचंच आहे. भाच्याला यंदा बरे गुण पडले आणि जालन्याच्या आयसीटी (मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) कॅम्पसला केमिकल इंजिनिअरिंग घ्यायचं त्याच्या मनात आहे. पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. असतो तिथं. दाजींना हे बिलकूल पटलेलं नाही. "कम्प्युटर मिळत असताना केमिकल कोण घेतंय? पोरगं जन्मभर अ‍ॅसिडच्या टाकीपाशी उभं राहणार," असं त्यांचं चाललंय. ताईनं मला मध्ये घातलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवतो, माझा रसायनाशी संबंध वरणात मीठ टाकण्यापुरता. तरी मामा म्हटल्यावर मत द्यावंच लागतं.

भाच्यानं मला एक नाव दिलं आणि म्हणाला, मामा, आधी यांचं वाचा, मग बोला. आठ दिवस वाचत बसलो. गणपती दादासाहेब यादव. जन्म १९५२, गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं अर्जुनवाडा. मुंबईच्या यूडीसीटीतून, म्हणजे माटुंग्याच्या आजच्या आयसीटीतून, १९७४ ला पदवी, तिथूनच १९८० ला पीएच.डी. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात संशोधन करून आले. माटुंग्यालाच शिकवलं, आणि २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं त्याच संस्थेचे कुलगुरू. २०१६ ला पद्मश्री. २०२२ ला अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवड. हाताखालून शंभरावर पीएच.डी. बाहेर पडले. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे जालना कॅम्पस २०१८ ला सुरू झाला तो त्यांच्याच काळात.

आता माझा प्रश्न. प्रयोगशाळेतला माणूस कुलगुरूच्या खुर्चीत बसून नेमकं करतो काय? त्याचं शास्त्र तिथं कामाला येतं का, की दाराबाहेर चपलेसारखं काढून ठेवावं लागतं? जाणकारांनी सांगावं. भाचाही हा धागा वाचणार आहे, तेव्हा जरा सांभाळून.

माटुंगा_लोकल

मूळचा लातूरचा, माटुंग्याला सहा वर्षं काढली. यादव सरांना लांबून-जवळून दोन्हीकडून पाहिलंय, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

आधी संस्था समजून घ्या, नाहीतर माणूस समजणार नाही. १ ऑक्टोबर १९३३ ला मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून यूडीसीटी निघाली. म्हणजे तिचा प्रमुख 'संचालक' असायचा आणि त्याच्या डोक्यावर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. २००२ ला नाव बदललं, स्वायत्तता आली. २००८ ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि 'आयसीटी' झाली. त्यामुळे २००९ ला यादव सर त्या खुर्चीत बसले तेव्हा विभागाचं विद्यापीठ होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. परीक्षा, पदव्या, नियम, भरती, सगळं स्वतःच्या पायावर उभं करायचं. भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात गेल्यावर पहिली दोन वर्षं नळ आणि गटारातच जातात, तसं.

दुसरी गोष्ट, परंपरा. यादव सरांचे गुरू म्हणजे प्रा. मनमोहन शर्मा. जोधपूरचा माणूस, केंब्रिजहून १९६४ ला पीएच.डी. करून आला आणि सत्ताविसाव्या वर्षी माटुंग्यात थेट प्राध्यापक झाला. पुढे १९८९ ते १९९७ संचालक. रघुनाथ माशेलकर, ज्येष्ठराज जोशी, गणपती यादव, ही सगळी शर्मा सरांच्या हाताखालची मंडळी. माशेलकर सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेचे महासंचालक झाले, जोशी सर यादवांच्या आधी संस्थेचे संचालक होते. एकाच गुरूच्या ताटात जेवलेले तिघं आणि तिघांनीही पुढे संस्था चालवल्या. हा योगायोग नाही असं माझं मत.

शर्मा सरांचे गुरू आणखी भारी. पीटर डँकवर्ट्स. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पॅराशूटनं पडलेले सुरुंग निकामी करायचं काम त्यांच्याकडं होतं. अठ्ठेचाळीस तासांच्या आत सोळा सुरुंग. त्यासाठी १९४० चा जॉर्ज क्रॉस मिळाला. नंतर केंब्रिजला केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. त्यांचा १९५१ चा सिद्धांत आम्ही अजून शिकतो: वायू द्रवात विरघळताना द्रवाचा पृष्ठभाग सारखा नवा होत राहतो, जुना थर खाली जातो, ताजा वर येतो. दूध निववताना आई दोन पेल्यांत वरखाली करते ना, तेच.

जाता जाता, शर्मा सर १९९० ला रॉयल सोसायटीचे फेलो झाले, ते पहिले भारतीय इंजिनिअर.

विष्णुपुरीकर

@माटुंगा_लोकल, प्रतिसाद भारी, पण दुरुस्ती. पहिले भारतीय इंजिनिअर नव्हेत. अर्देशीर करसेटजी, १८४१. मुंबईच्या गोदीतले, जहाजावर वाफेचं इंजिन बसवणारे. रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो तेच.

माटुंगा_लोकल

मान्य. पहिले भारतीय केमिकल इंजिनिअर म्हणा. १८४१ ला आमची शाखाच नव्हती.

हिंगोलीचा_काका

सगळं छान आहे हो. पण कोल्हापूरचा माणूस मुंबईला शिकला, मुंबईतच कुलगुरू झाला. ह्यात मराठवाडा कुठं आला? आमच्याकडं फक्त कोनशिला येती.

पॅनवाला

परळीकडच्या एका साखर कारखान्यात तेवीस वर्षं मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट. नाव विचारू नका, संचालक मंडळ हा धागा वाचत असंल तर माझी पंचाईत.

धागाकर्त्यांनी विचारलं शास्त्र खुर्चीत कामाला येतं का. मी खुर्चीत बसलो नाही, पॅनपाशी (साखरेचा पाक आटवायच्या भांड्यापाशी) उभा राहिलो, पण एक सांगतो. केमिकल इंजिनिअरला पहिल्या वर्षी एकच गोष्ट घोटून घोटून शिकवतात: आत किती गेलं, बाहेर किती आलं, मधे किती साठलं. ह्याला आम्ही बॅलन्स म्हणतो. बाकी चार वर्षं त्याचाच विस्तार.

शंभर टन ऊस आत घेतला की साखर दहा-साडेदहा टन. बगॅस म्हणजे चिपाड अठ्ठावीस ते तीस टन, ते बॉयलरला. मळी चार टन, ती डिस्टिलरीला. प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ तीन-चार टन, ते शेताला. बाकी सगळं पाणी. ऊस म्हणजे सत्तर टक्के पाणीच, फक्त ते उभं असतं. आता समजा साखर साडेनऊवर आली. एक टन कुठं गेला? चोरी झाली का? नाही. एक तर मळीत गेला, नाहीतर बगॅसमध्ये राहिला, नाहीतर रस तापवताना साखर फुटली. प्रत्येक ठिकाणी नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत तपासायचा, आणि मग बोलायचं. बैठकीत शेती विभाग म्हणतो मिल खराब, मिलवाले म्हणतात ऊस वाळका. केमिस्ट कागद पुढं ठेवतो.

मला वाटतं असा माणूस विद्यापीठात गेला तर पहिला प्रश्न हाच विचारणार. पोरं किती आली, किती बाहेर पडली, मधे किती अडकली आणि कुठं.

अधिसभा_सोडलेला

@पॅनवाला, तुमचा प्रतिसाद वाचून मजा आली, पण पोरं म्हणजे ऊस नव्हे. ऊस मोर्चा काढत नाही.

मी एका विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) एक मुदत काढली, पुन्हा उभा राहिलो नाही. कुलगुरूची खुर्ची जवळून बघितली म्हणून लिहितो. राज्य विद्यापीठात २०१६ च्या कायद्यानं शोध समिती किमान पाच नावं देते, राज्यपाल म्हणजे कुलपती त्यातून एक निवडतात. मुदत पाच वर्षं किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते. पहिलं वर्ष माणसं ओळखण्यात जातं, शेवटच्या वर्षी सगळे पुढच्याची वाट बघायला लागतात. हातात राहिली तीन. त्यात व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, आरक्षणाची बिंदुनामावली, रिक्त पदं, न्यायालयातले दावे, निकालाला उशीर, वसतिगृहातलं पाणी. आमच्याकडे एका बैठकीत संशोधनाचा विषय एकविसाव्या क्रमांकावर होता आणि विसाव्यालाच गणपूर्ती संपली. त्या विषयाचं पुढं काय झालं ते मला आजही कोणी सांगितलेलं नाही.

माटुंग्याच्या सरांना दहा वर्षं मिळाली. संस्था आटोपशीर, संलग्न कॉलेजांचा पसारा नाही. त्यांचं कर्तृत्व मी कमी लेखत नाही. पण छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव या चार जिल्ह्यांतली कॉलेजं सांभाळणारं विद्यापीठ आणि एकाच विषयाची निवडक संस्था, या दोन खुर्च्या एकाच दुकानातल्या नाहीत.

आणि आपल्याकडच्या खुर्चीला इतिहासाचंही वजन आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आलं. पहिले कुलगुरू डोंगरकेरी, मुंबई विद्यापीठाचा कारभार सांभाळून आलेले. त्यांना काही नसताना सगळं उभं करायचं होतं. मग १९७८ चा नामांतराचा ठराव, सोळा वर्षांचा लढा, जाळपोळ, गेलेले जीव, आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार. त्या सोळा वर्षांत तिथं कुलगुरू असणाऱ्याला कोणतं शास्त्र कामाला आलं असेल?

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे, इंग्रजी साहित्याचे अभ्यासक. तेव्हा कुलगुरूला केमिकलच यावं लागतं असं नाही. पुढं संभाजीनगरला चोपडे आले ते सूक्ष्मजीवशास्त्राचे, येवले औषधनिर्माणशास्त्राचे, फुलारी भौतिकशास्त्राचे. विषय कोणताही असो, फाइल तीच.

रानबोरी

नामांतराच्या वेळी म्हणे त्या गेटवर नेमकं कोणी

*(संपादक : प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. नामांतरावर स्वतंत्र धागे आहेत, तिथे सविस्तर लिहा. इथे मूळ विषयावर या.)*

निशा_वाळूज

इथं सगळे गुरू-शिष्य मोजतायत, यादव सरांनी संशोधन कशावर केलं ते कोणीच लिहिलं नाही. मी संभाजीनगरजवळ वाळूजला औषधांच्या कच्च्या मालाच्या प्लँटवर उत्पादन बघते. साध्या भाषेत सांगते, भाच्यासाठी.

खूप साऱ्या प्रक्रियांना आम्ल लागतं. वर्षानुवर्षं सल्फ्युरिक अ‍ॅसिड किंवा अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरायचे. काम होतं, पण ते द्रवात मिसळून जातं. मग ते मारायला अल्कली टाका, मीठ तयार होतं, धुवायला पाणी घाला, पुन्हा धुवा. एक किलो मालामागे कित्येक किलो खारट सांडपाणी. ते ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटला जातं, तिथून नीट साफ होऊन गेलं तर ठीक. खाम नदीच्या काठानं कधी चालला असाल तर 'नीट' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

यादव सरांचं मुख्य काम घन आम्ल उत्प्रेरकांवर. उत्प्रेरक म्हणजे प्रक्रिया वेगानं घडवतो पण स्वतः खर्ची पडत नाही तो पदार्थ. आम्लाचं बळ, पण रूप मातीसारखं किंवा पावडरीसारखं. सल्फेट चढवलेला झिर्कोनिया, चिकणमातीवर बसवलेली हेटरोपॉली आम्लं, असे प्रकार. त्यांच्या उत्प्रेरकांच्या मालिकेला नावच यूडीकॅट, म्हणजे यूडीसीटीची आठवण नावात ठेवून. प्रक्रिया झाली की गाळून घ्या, सुकवा, पुन्हा वापरा. धुणं नाही, मारणं नाही. मराठवाड्यासारख्या पाण्याला महाग भागात ह्याची किंमत मुंबईपेक्षा जास्त आहे. मुंबईत पाणी वाचवलं तर पर्यावरण. आपल्याकडं वाचवलं तर शिफ्ट चालू राहते.

सध्या त्यांचा गट तांबे-क्लोरीन चक्रावर काम करतो, पाण्यातून हायड्रोजन काढायचा, ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राबरोबर. साधारण साडेपाचशे अंशांपर्यंतची उष्णता लागते. पाणी सरळ उष्णतेनं तोडायचं तर ह्याच्या कितीतरी पट तापमान लागेल, म्हणून तांब्याची मदत घेऊन टप्प्याटप्प्यानं तोडायचं.

आणि एक. वर माटुंगा_लोकल यांनी जी वंशावळ दिली, डँकवर्ट्स, शर्मा, माशेलकर, जोशी, यादव, त्यात एकही बाई नाही. भाचीला जागा मिळाली असती तर हा धागा निघाला असता का, असा एक प्रश्न मामांना.

दुधनाकाठ

@निशाताई, भाची दहावीला आहे. प्रश्न लिहून ठेवला, तिच्या वेळेला उत्तर द्यावं लागेल असं दिसतंय.

हे धुण्याचं आधी कोणी सांगितलं असतं तर! दाजींना मी काल हेच वाचून दाखवलं. दाजी दुष्काळात टँकरची यादी करायला बसलेले माणूस आहेत, तलाठ्याबरोबर. 'धुणं नाही' म्हटल्यावर पहिल्यांदा मान वर करून बघितलं. मग म्हणाले, "पण पगार किती?"

माटुंगा_लोकल

@निशा, बाईंचा मुद्दा बरोबर, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पाण्याचं म्हणाल तर २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी माटुंग्याच्या वसतिगृहात होतो. खालच्या मजल्यावर पोरं नळ सोडून दाढी करायची. मी एकाच्या अंगावर धावून गेलो होतो. नंतर तो माझा चांगला मित्र झाला, ती गोष्ट वेगळी.

आता खुर्चीबद्दल. प्रयोगशाळेतला चंबू आणि पाच हजार लिटरचा रिअ‍ॅक्टर यांत फरक फक्त आकाराचा नसतो. आकार वाढला की पोटातला माल घनानं वाढतो आणि उष्णता बाहेर काढणारी भिंत वर्गानं. म्हणून चंबूत गुमान वागणारी प्रक्रिया मोठ्या भांड्यात अंगावर येते. गुऱ्हाळात बघा, काहिल दुप्पट मोठी केली आणि जाळ तसाच ठेवला तर गुळव्या पाक हातचा घालवतो. आमची सगळी विद्या ह्या वाढवण्यात आहे.

मला वाटतं यादव सरांची खरी परीक्षा तिथंच होती. माटुंगा म्हणजे चंबू. थोडी पोरं, नावाजलेले मास्तर, शेजारी सगळी कारखानदारी, माजी विद्यार्थी उद्योगपती. तीच प्रक्रिया भुवनेश्वर आणि जालना अशा दोन ठिकाणी एकाच वर्षी, २०१८ ला, मोठ्या भांड्यात ओतली. भुवनेश्वरला इंडियन ऑइल बरोबर होतं. जालन्याला सरकारचा आधार. चंबूत जे चाललं ते भांड्यात चालेल का, हे पाच-दहा वर्षांत ठरत नाही.

अभ्यासक्रमाची रचना मात्र मला आवडली. सत्राऐवजी त्रैमासिक पद्धत, आणि मधेमधे कारखान्यात जाऊन काम. शर्मा सरांच्या वेळेपासून माटुंग्याचे प्राध्यापक कारखान्यांना सल्ला द्यायचे, कारखान्यातले प्रश्न फळ्यावर यायचे. तीच सवय पोरांना पहिल्यापासून लावायची, असा तो विचार दिसतो.

हिंगोलीचा_काका

माजी विद्यार्थी उद्योगपती म्हणालात म्हणून. २०२५ ला मुकेश अंबानींनी शर्मा सरांना गुरुदक्षिणा म्हणून माटुंग्याला १५१ कोटी जाहीर केले. चांगली गोष्ट. पण जालन्याच्या पोराला गुरुदक्षिणा द्यायला अंबानी व्हायला किती वर्षं लागतील तेवढं सांगा. तोवर मास्तर कोण, प्रयोगशाळा कोणाच्या? मुंबईहून पाहुणे मास्तर गाडीनं येतात, शिकवतात आणि परतीच्या गाडीची वेळ बघतात, असं नको व्हायला. आता तर वंदे भारतही झाली, परत जायला अजून सोपं.

विष्णुपुरीकर

काका, तुमचा सूर कडू आहे पण मुद्दा खोटा नाही. मी नांदेडला विष्णुपुरीत एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजला केमिकल केलं. १९८१ ची संस्था, म्हणजे मराठवाड्यात केमिकल जालन्यानं आणलं असं कोणी म्हणायलं असंल तर ते चूक आहे. संभाजीनगरला विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग आहेच. आमच्या वर्गातले बहुतेक सगळे आज गुजरातेत नाहीतर रायगडात. दहेज, अंकलेश्वर, रोहा, महाड. मी स्वतः भरूचला. लग्न-मौतीला गावाकडं.

अडचण पोरांत नाही. आपल्याकडं साखर, मद्य, सोयाबीनचं तेल, औषधं, बियाणं, जालन्याचं लोखंड, सगळं आहे. लातूरला सोयाबीनमधून हेक्झेन या द्रावकानं तेल काढायचे केवढे प्लँट आहेत, ते शंभर टक्के केमिकल इंजिनिअरिंगच. पण मालकाला तिथं केमिकल इंजिनिअर नको असतो, 'ऑपरेटर चालवतोय की' म्हणतात. हेक्झेन परत मिळवताना गळती किती होते ते कोणी मोजत नाही. पॅनवाले म्हणतात तो कागद तिथं नाही.

कुलगुरूनं काय करावं तर माझ्या मते हे करावं: पदवी देण्याआधी त्या मालकाशी बोलावं. माटुंग्याच्या लोकांना हे जमतं, कारण त्यांना कारखान्याच्या फाटकातून आत जायची लाज वाटत नाही. विलास गायकर सर माटुंग्याहून लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्याकडची कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजं आता लोणेऱ्याला जोडलेली आहेत. रायगडातल्या विद्यापीठाचा कागद बीडच्या पोराच्या हातात येतो. तेव्हा केमिकलचा मास्तर कुलगुरू झाला तर मराठवाड्याला काय, हा काकांचा प्रश्न आता तसा जुना झालाय.

अधिसभा_सोडलेला

विष्णुपुरीकरांना +१. फक्त एक भर. कुलगुरू मालकाशी बोलायला गेला की इकडे दुसऱ्या दिवशी निवेदन येतं, 'कुलगुरू उद्योगपतींच्या दारात'. आणि नाही गेला तर 'कुलगुरू हस्तिदंती मनोऱ्यात'. दोन्ही निवेदनांवर सह्या त्याच सात जणांच्या.

यादव सरांबद्दल मला एका गोष्टीचं खरंच अप्रूप आहे. दहा वर्षं खुर्चीत असूनही प्रयोगशाळा बंद पडू दिली नाही. मी पाहिलेले बहुतेक शास्त्रज्ञ-कुलगुरू मुदत संपल्यावर परत जातात तेव्हा त्यांच्या खोलीत दुसरंच कोणी बसलेलं असतं, विषय दहा पावलं पुढे गेलेला असतो. मग ते समित्यांवर जातात. उद्घाटनं करतात. चांगला संशोधक गमावून आपण एक बरा प्रशासक मिळवतो, आणि पाच वर्षांनी तोही जातो. हा सौदा दरवेळी फायद्याचा आहे असं मला वाटत नाही. कोणी बॅलन्स काढला आहे का याचा, @पॅनवाला?

पॅनवाला

काढला तर 'अज्ञात तूट' ह्या रकान्यात लई मोठा आकडा यील. आमच्याकडंही तो रकाना असतो बरं का. कुठं गेली कळत नाही ती साखर तिथं लिहायची. हंगामाच्या शेवटी त्याच रकान्यावर सगळ्यात जास्त बोलणी बसतात.

निशा_वाळूज

@विष्णुपुरीकर, हेक्झेनचं वाचून अंगावर काटा आला. तो नुसता तोटा नाही, हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, ठिणगी लागली की संपलं. जिथं मोजमाप नाही तिथं केमिकल इंजिनिअर पगाराचा बोजा नसतो, विमा असतो. दाजींना सांगा, अ‍ॅसिडच्या टाकीपाशी उभं राहायला ऑपरेटर असतो. ती टाकी फुटू नये म्हणून जो आधी हिशेब करतो त्याचं नाव केमिकल इंजिनिअर. आणि रात्री तीनला फोन आला की त्यालाच जावं लागतं, हेही सांगा. लपवू नका.

पगाराचं म्हणाल तर सुरुवातीला कम्प्युटरवाला पुढं असतो. हे मी गोड करून सांगणार नाही.

दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली, प्रिंटही काढली, कारण दाजी मोबाईलवर वाचत नाहीत.

काल रात्री ताईकडे बसलो होतो. दाजींनी प्रिंट दोनदा वाचली. डँकवर्ट्सच्या सुरुंगांवर बोट ठेवून म्हणाले, "हा माणूस मास्तर होता?" मी म्हटलं, आधी सुरुंग, मग मास्तर. त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शंभर टन उसाचा हिशेब त्यांनी स्वतः कागदावर मांडून बघितला. दाजींचाही ऊस कारखान्याला जातो, वजनकाट्यावर त्यांचा आधीपासून राग. म्हणाले, हे सगळं काट्यानंतरचं झालं, काट्याचं काय? मला उत्तर आलं नाही.

भाचा एवढंच म्हणाला की कुलगुरू-बिलगुरू व्हायचं नाही त्याला, ती पावडर करून बघायचीय, जी गाळून परत वापरता येते. कुलगुरूंचा एवढा मोठा धागा मी काढला आणि पोरानं त्यातून चिमूटभर पावडर उचलली.

फॉर्म भरायला अजून चार दिवस आहेत. दाजींची एक अट आहे. एकदा आतून बघायचं म्हणतात, कारखान्यात हे लोक उभे कुठं राहतात. @पॅनवाला, जमेल का? हंगाम तर बंद असेल आता.

पॅनवाला

जमंल की. उलट हंगाम बंद असताना या, हीच बघायची वेळ. गाळप चालू असलं की नुसता आवाज आणि वाफ, काही दिसत नाही. आता सगळं खोललेलं आहे. मिलचे रोलर काढलेत, रस आटवायच्या इव्हॅपोरेटरच्या नळ्या घासायचं चाललंय, पोराला आत डोकं घालून दाखवतो. चार भांडी एकापुढं एक आहेत, पहिल्याची वाफ दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, एकाच वाफेत चौघं शिजतात. डिस्टिलरी चालू आहे, साठवलेल्या मळीवर. आणि काटा दाखवतो दाजींना, तपासणीचे वजनंही ठेवलेत तिथं, स्वतः चढवून बघू द्या.

परवा सकाळी नऊच्या आत फाटकावर या, माझं नाव सांगा, ते व्यक्तिगत निरोपात कळवतो. सेफ्टी ऑफिसर कडक आहे, तिघांनीही बूट घाला, चप्पल चालणार नाही. आणि दाजींना पांढरा सदरा घालू देऊ नका.